किनाऱ्यावरचा पांढरा दिवा आणि वाट चुकलेली कासवं

सुरूबन | १५ फेब्रुवारी, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात पहाटे साडेचारला कुत्रा सारखा भुंकायला लागला म्हणून बॅटरी घेऊन बाहेर आलो. आमचं घर गोव्यात पेडणे तालुक्यात, समुद्रापासून चालत चार मिनिटांवर. आधी वाळूच्या टेकड्या, मग सुरूची झाडं, मग डांबरी रस्ता, मग आमचं भाट, म्हणजे माडांची बाग. कुत्रा रस्त्याकडेच्या गटारापाशी उभा होता आणि गटारातल्या सुक्या पानांत काहीतरी खसखसत होतं. उंदीर असेल म्हणून उजेड टाकला, तर कासवाचं पिल्लू. तळहाताच्या मधल्या खळग्यात मावेल एवढं, काळपट, चारही वल्ही मारत काँक्रीटच्या भिंतीवर चढू पाहत होतं. त्याच्यापुढे आणखी एक. रस्त्यावर चाकाखाली गेलेली काही.

वनखात्याच्या राखणदाराला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही घरातल्यांनी शोधून शोधून १७ जिवंत गोळा केली. मेलेली मोजायचं धैर्य झालं नाही. हे घरटं कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला जाळी नव्हती.

ज्याच्यामुळे मी हा धागा काढतोय ती गोष्ट आता सांगतो. सगळ्या पिल्लांची तोंडं एकाच दिशेला होती, आमच्या भाटाच्या कोपऱ्यावरच्या दिव्याकडे. तो १०० वॅटचा पांढरा फ्लडलाइट मीच लावलाय. दोन वर्षांपूर्वी आई अंगणात पडली, त्याच सुमाराला नारळही चोरीला जात होते, म्हणून स्वतःच्या खर्चाने खांब उभा केला. समुद्राच्या बाजूने बघितलं तर सुरूच्या बुंध्यांमधून तो दिवा थेट वाळूवर पडतो. दोन वर्षांत हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

राखणदाराने जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं त्यावरून लिहितो. आपल्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्यातले ठरलेले विणीचे किनारे. मादी साधारण हिवाळ्यात येते, वाळूत हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं फुटतात आणि वाळू थंड झाली की रात्रीची वर येतात. आई जवळ नसते, समुद्र कुठे आहे हे दाखवणारं कुणी नसतं. त्यांच्याकडे एकच खूण असते: क्षितिजाजवळ जिथे जास्त उजळ तिथे जायचं, आणि उंच काळ्या सावलीपासून दूर राहायचं. मोकळ्या समुद्रावर तारे-चांदण्यांचा उजेड असतो, जमिनीकडे वाळूच्या टेकड्या आणि झाडं काळी दिसतात. लाखो वर्षं ही खूण बरोबर ठरली. मी तिच्या उलट बाजूला सूर्य टांगून ठेवला.

आणखी एक गोष्ट मला आतून लागली. पिल्लाच्या पोटात अंड्यातला थोडा बलक शिल्लक असतो. त्याच्या बळावर ते लाटा ओलांडून खोल पाण्यापर्यंत अखंड पोहतं. तीन-चार तास गटारात आणि रस्त्यावर फिरलेलं पिल्लू आपण उचलून पाण्याच्या कडेला सोडलं, तरी त्याची शिदोरी कमी झालेली असते. त्या १७ पैकी किती तरली असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

फ्लडलाइट त्या दिवसापासून बंद आहे. पण आईला रात्री उठावं लागतं आणि अंगण अंधारात ठेवता येत नाही. दिवा कसा, कुठे, कोणता लावायचा? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं. आणि गोव्यात इतर ठिकाणी रात्रीच्या उजेडाने प्राण्यापक्ष्यांचं काय होतंय, तेही अनुभव असतील तर लिहा. कासवांबद्दलच हवं असं नाही.

रापणकाराचा_नातू | १५ फेब्रुवारी, रात्री १०:२२

दादा, वाचून वाईट वाटलं. एक सांगतो, पुन्हा कधी पिल्लं सापडली तर बादलीत पाणी भरून त्यात टाकू नका. बरेच लोक प्रेमाने तेच करतात. पाण्यात पडलं की ते पोहायला लागतं आणि तिथल्या तिथे दमतं. खोक्यात ओलसर वाळू, वर कापड, अंधार, आणि वनखात्याला फोन. ते वाळूवर सोडतात आणि पिल्लांना स्वतः चालत जाऊ देतात, तेच बरोबर.

समुद्रातल्या उजेडाबद्दल उद्या सविस्तर लिहितो.

फोंडेकरीण | १६ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

कासवांबद्दल मलाही कळवळा आहे. पण अशा चर्चेत शेवटी "दिवे कमी करा" असं ठरतं आणि त्याची किंमत बायका मोजतात, म्हणून आधीच लिहून ठेवते. मी पणजीहून शेवटच्या बसने येते. थांब्यापासून घर दहा मिनिटांवर. मधले दोन दिवे गेले होते तेव्हा तीन महिने मी रोज भावाला बोलवत होते. आमच्या वाटेवरचा उजेड काढून घेऊन निसर्ग राखायचा असेल तर मी विरोधात आहे.

वायरमन_काका | १६ फेब्रुवारी, दुपारी २:५०

३४ वर्षं खांबावर चढलो, आता निवृत्त आहे. फोंड्याच्या ताईंचं म्हणणं रास्त आहे आणि त्यांचा एक दिवाही काढायची गरज नाही. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दिशा. फ्लडलाइट हा मैदानासाठी किंवा जहाजाच्या धक्क्यासाठी असतो. तो आडवा उजेड फेकतो. तुमच्या अंगणाची गरज दहा-पंधरा पावलांची असेल, बाकीचा उजेड शेजाऱ्याच्या खिडकीत, माडाच्या शेंड्यात आणि समुद्रावर जातो. त्याचं बिल तुम्हीच भरता. दिवा असा बसवा की त्याची काच जमिनीला समांतर राहील आणि दुरून बघणाऱ्याला पेटलेला भाग दिसणारच नाही, खालचं उजळलेलं अंगण तेवढं दिसेल. आडव्या दिव्याने माणसालाही कमी दिसतं. डोळ्यावर झगझगाट आला की बाहुली आखडते आणि दिव्याच्या मागच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. ताई, तुमच्या वाटेवर असे दिवे असतील तर कधी हाताने दिवा झाकून पुढे बघा, लगेच फरक कळेल.

दुसरी गोष्ट, रंग. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे दिवे होते, पिवळे-नारिंगी. ते गेले आणि एलईडी आले. विजेची बचत मोठी झाली हे खरं आहे आणि मी स्वतः शेकडो बदलले आहेत. पण पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतला चिप निळा प्रकाश देतो, त्यावर पिवळ्या पदार्थाचा थर असतो, दोन्ही मिळून पांढरं दिसतं. खोक्यावर ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असेल तर त्यात निळा भाग भरपूर, २७०० असेल तर बराच कमी. पिवळसर अंबर दिवा मिळतो, त्यात निळा जवळजवळ नसतो. कासवाचे डोळे निळ्या-हिरव्याला फार तीव्र, तांबूस उजेडाला मंद. किड्यांचंही साधारण तसंच. शिवाय निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पांढऱ्या दिव्याभोवती केवढं मोठं वलय पडतं ते पाहिलंच असेल.

तिसरी, उंची. आईंसाठी खांब कशाला? पायरीपाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर ५ वॅटचे दोन झाकलेले अंबर दिवे लावा. पाय कुठे पडतोय ते त्यात जास्त स्पष्ट दिसतं. फ्लोरिडात कासवांच्या किनाऱ्यांवर बऱ्याच ठिकाणी असेच नियम आहेत: दिवा खाली, झाकलेला आणि तांबूस.

आणि दारातला पांढरा दिवा रात्रभर पेटता ठेवणाऱ्यांसाठी. त्याखाली किडे जमतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो. पावसाळ्यात लोक सापाच्या भीतीने दिवा लावतात आणि त्यालाच दारात बोलावतात. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

फोंडेकरीण | १६ फेब्रुवारी, रात्री ८:३१

काका, हे पटण्यासारखं आहे. सोडियमचे दिवे होते तेव्हा वाट जास्त शांत वाटायची, हे आता आठवलं. पण एक अट. लोक सुचवतात तसा माणूस आला की पेटणारा सेन्सर वाटेवर नको. मी पोचल्यावर दिवा लागला तर पुढे वीस पावलांवर कोण आहे ते मला आधी कसं कळणार? घराच्या आवारात खुशाल लावा, वाटेवर नाही.

वायरमन_काका | १६ फेब्रुवारी, रात्री ८:४४

मान्य. सेन्सर आवारातच.

रापणकाराचा_नातू | १६ फेब्रुवारी, रात्री ११:१०

काल लिहितो म्हटलं होतं.

माझे आजोबा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे. काळोखाच्या रात्री मासळी कशी शोधायची हे त्यांच्याकडून ऐकलंय. पाण्यात बारीक जीव असतात, पाणी हललं की ते लखलखतात. मासळीचा थवा खालून गेला की पाण्यात हिरवट ढग सरकल्यासारखा दिसतो, आणि तो बघून होडी वळवायची. आता किनाऱ्यावरच्या उजेडात तो ढग दिसतच नाही. मी लहानपणी दोनदा पाहिलाय, माझ्या मुलाने एकदाही नाही.

दुसरीकडे एलईडीची मासेमारी. मोठ्या बोटीवर जनरेटर, पाण्यावर आणि पाण्याखाली झगझगीत दिवे. समुद्रातले सूक्ष्म जीव दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात, त्यांच्यामागे लहान मासा, त्यामागे मोठा. ही रोजची ये-जा सूर्यावर चालते. मध्येच असा उजेड टाकला की माणक्या (स्क्विड), बांगडे, पिल्लं, अंडी धरलेल्या माद्या सगळ्या एका जागी गोळा होतात आणि एका जाळ्यात संपतात. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. तरी रात्री क्षितिजावर कधी कधी जे पांढरं शहर उगवतं ते किनाऱ्यावरचे सगळे लोक बघतात.

कुणी म्हणेल की उजेडावर मासे धरणं जुनंच आहे. खरं आहे. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर, आजोबा कंदील टांगायचे, ओहोटीच्या पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) यायची, घरापुरती आणि शेजाऱ्यापुरती. कंदिलाचा उजेड मानशीच्या तोंडापुरता पडायचा.

सत्तरीची_पोर | १७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

आमच्याकडे समुद्र नाही. आमच्याकडे काजवे आहेत, होते असं लिहायला हात उचलत नाही.

गाव वाळपईच्या पुढे, म्हादई अभयारण्याला लागून. मे संपत आला, वळवाची एखादी सर पडली की देवराईच्या कडेने ओहोळावर काजवे यायचे. आजी जेवण झाल्यावर आम्हाला पाटावरून उठवून तिथे न्यायची. झाडं श्वास घेतात तशी उजळायची आणि विझायची. आम्ही बोलायचं नाही, असा तिचा नियम होता.

चार-पाच वर्षांपूर्वी गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि आवारात उंच खांबावर सहा दिव्यांचा झुबका लागला. सगळ्यांनी वर्गणी दिली होती, आमच्याही घराने. त्या मे महिन्यात ओहोळावर गेले तर देवळाच्या बाजूच्या अर्ध्या भागात एकही काजवा नव्हता. वळणापलीकडे, जिथे डोंगराची सावली पडते, तिथे होते.

मी जीवशास्त्र शिकले आहे, म्हणून कारण लिहिते. उडत लुकलुकणारे असतात ते बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा पानावर बसून त्यांच्या खुणेला उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी. आजूबाजूला उजेड असला की तिला त्याची खूण दिसत नाही, त्याला तिचं उत्तर दिसत नाही. पंख फुटलेल्या काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. त्याआधीचा मोठा काळ तो अळी म्हणून ओल्या मातीत गोगलगायी खात काढतो. म्हणजे वर्षभर जमिनीत वाढून वर यायचं, आणि वर आल्यावर जोडीदार भेटायचा नाही. तो मरत नाही, म्हणून कुणाला काही दिसत नाही. पुढच्या वर्षी थोडे कमी येतात, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी.

गेल्या वर्षी मी देवस्थानच्या मंडळींसमोर बोलायला उभी राहिले. घाबरले होते. मी शास्त्र सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की जत्रेला आमच्या आया-आज्या दिवजां, म्हणजे पेटते दिवे, घेऊन देवळाभोवती फिरतात, तेव्हा आपण मोठे दिवे बंद करतो, कारण दिवजां दिसायला काळोख लागतो. ओहोळावरच्या दिवजांसाठी मे अखेरपासून तीन आठवडे रात्री नऊनंतर खांबावरचा झुबका बंद ठेवता येईल का? एक वयस्कर काका बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, मी लहान असताना तिथे जायचो. ठरलं. गाभाऱ्यातली समई आणि प्रवेशद्वारातला एक दिवा चालू, बाकी बंद.

गेल्या जूनमध्ये देवळाच्या बाजूच्या झुडपांत मी काजवे मोजले. ११ दिसले. आकडा लहान आहे, पण आधीच्या वर्षी शून्य होता.

सुरूबन | १७ फेब्रुवारी, रात्री ९:३८

ताई, हे आईला वाचून दाखवलं. ती दोनदा वाच म्हणाली.

चिखलपाय | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

पक्ष्यांबद्दल थोडं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवरंग उत्तरेकडून खाली येतो. तो रात्रीचा प्रवास करतो. त्या दिवसांत सकाळी उजळलेल्या काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी किंवा जिन्यात तो बधिर होऊन बसलेला सापडतो. मी आतापर्यंत चार उचलले आहेत, दोन उडाले. रात्री प्रवास करणारे पक्षी ताऱ्यांवरून दिशा धरतात. स्टीफन एम्लेन यांनी १९६० च्या दशकात तारांगणात पक्षी ठेवून हे दाखवलं होतं. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात प्रकाशाचे झोत सोडतात. सात वर्षांतल्या अशा सात रात्रींचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात सुमारे ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज आहे. पक्षी झोतात शिरून गोल गोल फिरत हाका मारत राहतात. झोत थोडा वेळ बंद केले की काही मिनिटांत पांगतात आणि वाटेला लागतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पाण्यात गेलेलं विष काढायला वर्षं लागतात, हा त्रास बटण दाबलं की त्याच क्षणी थांबतो.

पतंगांबद्दलही. दिव्यावर झेप घेतात असं आपण म्हणतो. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तर किडे दिव्याकडे पाठ करून उडत होते. आकाश नेहमी वर उजळ असतं, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवली की आपण सरळ आहोत हे त्यांना कळतं. दिवा बाजूला असला की तीच सवय त्यांना त्याच्याभोवती घिरट्या घालायला लावते. स्वित्झर्लंडमध्ये अंधाऱ्या कुरणांत दिवे लावून पाहिले तेव्हा फुलांवर येणाऱ्या रात्रीच्या किड्यांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या आणि अभ्यासलेल्या झाडाची फळधारणा १३ टक्क्यांनी. दिवसाच्या मधमाश्यांनी ती तूट भरून काढली नाही.

ध्रुवतारा | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०२

आमचा विषय आकाश, पण एक आकडा इथे उपयोगी पडेल. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचं २०२३ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. पणजीत सार्वजनिक वेधशाळा आहे. तिथे मुलं शनीची कडी बघून उड्या मारतात, पण आकाशगंगा दाखवायची तर गाडी काढून लांब जावं लागतं. आपल्या शेजारच्या राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. मोले किंवा खोतीगावच्या रानाला ती का मिळू नये?

पुण्याहून_दरवर्षी | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

मी पर्यटक, दर हिवाळ्यात आगोंदला येतो. रात्री वाळूवर मोबाइलची बॅटरी लावून चालणारा मीही आहे. आम्ही काय करावं?

रापणकाराचा_नातू | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

बॅटरी बंद करा, पाच मिनिटांत डोळे सरावतात आणि वाळू स्वच्छ दिसते. गरज पडलीच तर तांबडी, आणि ती खाली धरून. मादी वर येताना दिसली तर जागच्या जागी थांबा. उजेडाने किंवा हालचालीने बिचकली तर ती अंडी न घालता परत फिरते. फोटोचा फ्लॅश अजिबात नको. खोली समुद्राकडे असेल तर रात्री पडदा ओढा. आणि राहता तिथल्या मालकाला समुद्राकडचे दिवे बंद करायला तुम्ही सांगा. आम्ही सांगितलेलं आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं यात फरक पडतो. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद ही चार नावं स्पष्ट लिहिलेली आहेत, हेही त्यांना सांगता येईल.

सुरूबन | १० मार्च, रात्री ८:५५

तीन आठवड्यांनी लिहितोय.

फ्लडलाइट काढून टाकला. पायरीपाशी काकांनी सांगितले तसे दोन अंबर दिवे बसवले, विहिरीकडे सेन्सरचा एक. पहिल्या दोन रात्री आईने कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी म्हणाली की आता डोळे दिपत नाहीत. नारळ या तीन आठवड्यांत गेले नाहीत. पुढचं पुढे बघू.

रस्त्यावरच्या सार्वजनिक दिव्याला समुद्राच्या बाजूने पत्र्याची झापड हवी होती. त्यासाठी अर्ज दिला, परवानगी मिळाली, पत्रा मी दिला.

परवा पहाटे आमच्यासमोरच्या वाळूत दुसरं घरटं फुटलं. याला राखणदाराने आधीपासून जाळी आणि पाटी लावली होती. पिल्लं समोर सोडताना मी होतो. सकाळी उजाडल्यावर पाऊलखुणा बघितल्या. बहुतेक सगळ्या घरट्यापासून पंख्यासारख्या उघडून पाण्यात गेलेल्या. सात-आठ मात्र उत्तरेकडे वळून बऱ्याच लांब चालत गेल्या होत्या आणि मग पाण्याकडे फिरल्या होत्या. त्या बाजूला एका हॉटेलच्या गच्चीवर माझ्यासारखाच पांढरा फ्लडलाइट आहे. उद्या संध्याकाळी तिथे जातोय. मोबाइलमध्ये खुणांचे फोटो आहेत, आणि माझा काढलेला दिवाही सोबत नेणार आहे, दाखवायला.

सत्तरीची_पोर | १० मार्च, रात्री ९:२०

दादा, झापडीचं माप द्याल का? आमच्या प्रवेशद्वारातल्या दिव्याला करायची आहे. मे अखेर यायला अडीच महिने आहेत.

सुरूबन | १० मार्च, रात्री ९:४१

दिव्याची लांबी अधिक दोन्हीकडे चार-चार बोटं, खाली एक वीत लोंबेल एवढी. तीन बाजू झाकल्या, रस्त्याकडची उघडी. पत्रा गंज न धरणारा घ्या. आतून चमकता ठेवू नका, नाहीतर उजेड उलटून बाहेर येतो. मी आतून काळा बिनचमकीचा रंग दिला, दोन हात.